आधी श्वास, मग हाड

१७ फेब्रुवारी १९७६ ची गोष्ट. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात कडाक्याची थंडी होती. डॉ. जेम्स स्टायनर हे हाडांचे शल्यचिकित्सक स्वतःचे छोटे विमान चालवत घरी परतत होते. सोबत पत्नी व चार मुले होती. संध्याकाळी विमान एका शेतात कोसळले. पत्नी मरण पावली. तीन मुले गंभीर जखमी झाली. डॉक्टर स्वतःही जखमी होते. तरी त्यांनी मुलांना थंडीपासून जपले आणि रस्त्यावर एक मोटार थांबवून जवळच्या गावातील रुग्णालय गाठले.

तेथे आणखी एक धक्का बसला. गंभीर जखमी माणूस आल्यावर आधी काय करावे व नंतर काय, याचे शिक्षण तेथील डॉक्टरांना मिळालेले नव्हते. स्टायनर यांना वाटले, शेतात रिकाम्या हातांनी मी मुलांची जी काळजी घेतली, तेवढीही येथे घेतली जात नाही. हा दोष एका माणसाचा नाही, पद्धतीचा आहे.

ते नुसते दुःख करत बसले नाहीत. सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम तयार केला. १९७८ मध्ये त्याचा पहिला वर्ग नेब्रास्कात भरला. १९८० मध्ये 'अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स' या संस्थेने तो स्वीकारला. आज तो भारतासह अनेक देशांत शिकवला जातो.

आपण अलिफ, बे, पे क्रमाने म्हणतो. तसाच इंग्रजीच्या पहिल्या पाच अक्षरांवर हा क्रम बसवला आहे. 'ए' म्हणजे श्वासाची वाट मोकळी करणे व मान हलू न देणे. 'बी' म्हणजे श्वास नीट चालतो का, ते पाहणे. 'सी' म्हणजे रक्तस्राव थांबवणे व नाडी पाहणे. 'डी' म्हणजे रुग्ण शुद्धीवर आहे का, ते तपासणे. 'ई' म्हणजे कपडे दूर करून सर्व अंग तपासणे व लगेच पांघरूण घालणे. मात्र रक्त धो धो वाहत असेल, तर ते सर्वांत आधी थांबवतात.

असा क्रम का? श्वास अडला तर काही मिनिटांतच प्राण जातो. मोडलेले हाड थोडा वेळ थांबू शकते. जो मोठ्याने ओरडतो, त्याचा श्वास निदान चालू असतो. जो गप्प पडला आहे, त्याच्याकडे आधी पाहावे.

मुलांनो, हे काम डॉक्टरांचे आहे. पण रस्त्यावर अपघात दिसला, तर तुम्हीही मदत करू शकता. १०८ क्रमांकावर फोन करा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. जखमीला ओढू नका, पाणी पाजू नका. गर्दी बाजूला करा. डॉक्टर येईपर्यंतची ती मिनिटे फार मोलाची असतात.

स्वाध्याय
१. स्टायनर यांना रुग्णालयात धक्का का बसला?
२. गप्प पडलेल्या जखमीकडे आधी का पाहावे?
३. अपघात दिसल्यास तुम्ही काय कराल? पाच वाक्ये लिहा.