गंगेचं पाणी चढलं, पण पाऊस कुठे पडला?

अगं, 'तर्कक्षमता' हे प्रकरण आलं की पुस्तक मिटून ठेवू नकोस. डोक्यावर एमपीएससीचा सीसॅट, त्यात घर, त्यात सासूबाईंचं औषधपाणी, म्हणजे डोकं भणभणणारच. पण खरं सांगू का, ज्याने तुला घाम फुटतो ते तू सकाळपासून करतेच आहेस. शनिवारी पाणी नाही असं पालिकेने कळवलं, आज शुक्रवार, म्हणून तू रात्रीच पिंप भरून ठेवतेस ना? हेच निगमन. दिलेलं खरं असेल तर निष्कर्ष चुकायला जागाच नाही. पेपरात फक्त एक पथ्य पाळ. तिथे 'सगळे कांदे गोड असतात' असं लिहिलं असेल तर मुकाट्याने गोड समज. तुझ्या डोळ्यांतलं पाणी तिथे कोणी विचारत नाही.

घरात मात्र उलटं असतं. घरात दिसते ती नुसती खूण, बाकीचं आपण जोडतो. आता आपली गंगाच, म्हणजे गोदावरीच घे. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की अख्खं नाशिक म्हणतं, वर त्र्यंबकला धो धो पडतोय. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या जुन्या भाष्यात अगदी हेच उदाहरण आहे बघ: नदी फुगलेली दिसली म्हणजे वर पाऊस झाला. कार्यावरून कारण ओळखायचं, हे 'शेषवत्' अनुमान. ढगावरून पाऊस येणार म्हणायचं, ते 'पूर्ववत्'. (ढगावर फार विसंबू नकोस हं. मी एकदा आभाळ भरलं म्हणून गच्चीवरचं सगळं वाळवण धावत उचललं, एक थेंब पडला नाही आणि कुरडया मात्र निम्म्या मोडल्या.) या सूत्रांचे कर्ते अक्षपाद गौतम. आणि ब्रह्मगिरीवर गंगा आणल्याचं सांगतात तेही गौतम ऋषीच. पण नाव एक म्हणून माणूस एकच असं लगेच धरून चालू नकोस, तोही कच्चाच तर्क.

मला त्या ग्रंथात सगळ्यात आवडते ती शंका घेणाऱ्याची बाजू. तो म्हणतो, नदी फुगली ती पुढे कुठे पाणी अडल्यामुळेही असेल की! मुंग्या अंडी घेऊन निघाल्या त्या पाऊस येणार म्हणून नाही, कोणी वारूळ मोडलं म्हणून. मोर ओरडला म्हणतोस, ती माणसाने केलेली नक्कल कशावरून नसेल? त्यावर उत्तर काय, तर तर्क चुकला नाही, तू खूण अर्धवट बघितलीस. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, पानं-लाकडं वाहत येतात. आपल्याकडे तर मध्ये गंगापूर धरण आहे. वरचा पाऊस थांबला तरी धरणातून पाणी सुटतंच, आणि शहरात लख्ख ऊन असताना रामकुंडावर पाणी चढतं. म्हणून विसर्गाची बातमीही बघायची, नुसतं पाणी नाही.

विगमनाचं नाव ऐकून घाबरू नकोस, शितावरून भाताची परीक्षा म्हणजे तेच. पण शीत का चालतं माहितेय? सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. लासलगावच्या लिलावात ट्रॉलीवरचे चार कांदे बघून बोली लागते, आणि खाली करताना तळाचा माल वेगळा निघाला की वाद होतो. म्हणजे किती कांदे बघितलेस यापेक्षा कुठून काढून बघितलेस ते महत्त्वाचं. तुझ्या जाऊबाईंच्या एका बोलण्यावरून सगळं सासर तसलंच ठरवलंस, तेव्हा तू ट्रॉलीच्या कुठल्या थरावर होतीस, सांग बरं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे तर तुझ्या आजीनेही तुला ऐकवलं असेल. तरी नवी नोकरी लागली आणि बाळाला ताप आला की दोष नोकरीलाच! अगं, त्याच आठवड्यात पाळणाघरातली आणखी मुलं आजारी होती का, एवढं तरी विचार. नोकरी सोडायचा निर्णय नंतर घे.

आणि काल सासूबाई जेवताना बोलल्या नाहीत, म्हणजे भाजी बिघडली म्हणून रागावल्या, असं तू मला रात्री फोनवर सांगितलंस. बघ, न बोलणं तू पाहिलंस. राग तू जोडलास. दाढ दुखत असेल, बहिणीशी फोनवर वाजलं असेल, नाहीतर भाजी खरंच बिघडली असेल. त्या गरम पोळीचा घास घेतात का, एकाच बाजूने चावतात का, ते बघ आणि मग सरळ विचार त्यांना. दाढच निघाली तर लवंग धरायला दे आणि डॉक्टरांची वेळ घे. भाजी निघाली तर मीठ कमी घाल, एवढंच.

विधान-निष्कर्षाचं प्रकरण घेऊन उद्या दुपारी ये. डबा आणू नकोस, मी पिठलं टाकतेय.