स्वस्तातला कॅन

डिसेंबरात पहाटे पाचला लाल कांदा भरून आमची पिकअप निफाडहून लासलगावच्या मार्केटला निघाली आणि दोन किलोमीटरवर आचके देत बंद पडली. मिस्त्रीने डिझेल फिल्टर खोलला, तर आत मेणासारखा पिवळट गर. आठवड्यापूर्वी मी एकाकडून लिटरमागे पंधरा रुपये स्वस्त म्हणून ‘बायोडिझेल’चे दोन कॅन घेतले होते. ते निव्वळ गाळलेलं तळणाचं तेल निघालं. टाकी धुवावी लागली, नोझल बदलावे लागले आणि कांदा त्या दिवशी बाजारात पोचला नाही.

तेल वेगळं, बायोडिझेल वेगळं.

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं, हे खरं. पण आजच्या नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतात आणि नुसतं तेल डिझेलच्या दहापट दाट. ते नीट फवारत नाही, अर्धवट जळतं, पिस्टनच्या रिंगांवर कार्बन धरतं. म्हणून तेलात किंवा चरबीत मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून ग्लिसरीन वेगळं काढतात. शंभर किलो तेलामागे ते साधारण दहा किलो निघतं. उरलेलं धुऊन, पाणी उडवलं की बायोडिझेल तयार होतं.

चांगल्या बायोडिझेललाही थंडी बाधते. पाम तेल किंवा जनावरांच्या चरबीपासून केलेलं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढुळतं. अमेरिकेतल्या मिनेसोटात २००५ साली डिझेलमध्ये अवघं २ टक्के बायोडिझेल सक्तीचं झालं आणि त्याच हिवाळ्यात ट्रकांचे फिल्टर तुंबले. काही माल दर्जात बसत नव्हता. सक्ती काही काळ थांबवावी लागली.

आपल्याकडे २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं आहे. वापरलेलं तेल असं मार्गी लागावं, असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच सांगतो, विकणाऱ्याकडे आयएस १५६०७ प्रमाणे केलेल्या तपासणीचा रिपोर्ट मागा. मिश्रण गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढंच ठेवा. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, तेव्हा पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला. जुन्या गाडीचे रबरी पाइप फुगलेत का, ते पाहा. महिनोन्महिने साठा करू नका.

आणि रिपोर्ट मिळत नसेल, तर कॅन तिथेच ठेवून सरळ पंपावर जा.