वाइड की टेली? हँडीकॅमला लेन्स जोडण्यापूर्वी

आपल्या हॉस्टेलच्या कल्चरल कपाटात एक जुना मिनीडीव्ही हँडीकॅम आहे. गॅदरिंग जवळ आलं की तो बाहेर निघतो आणि कोणीतरी विचारतंच, "सर, याला मोठी लेन्स बसते का?" बसते. पण कोणती घ्यायची, हे मी २००७ साली चूक करून शिकलो.

तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो. डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत माझी धाकटी बहीण लेझीम पथकात होती. आजोबांचा पाय प्लॅस्टरमध्ये. "तुम्हाला टीव्हीवर दाखवतो," असं मी कबूल करून बसलो. काकांचा हँडीकॅम मिळवला आणि साठवलेल्या पैशांतून बोरा बाजारातून २x टेली लेन्स आणली. मोठी लेन्स म्हणजे चांगली लेन्स, एवढीच अक्कल!

फडके रोड अरुंद, त्यात ती गर्दी. पथक माझ्यापासून जेमतेम तीन मीटरवर. झूम केला तर कोणाचं कानातलं, कोणाचा पदर. झूम मागे घेतला तर चित्राभोवती काळं वर्तुळ. संध्याकाळी आजोबांनी वीस मिनिटं निमूट पाहिलं आणि विचारलं, "यात आपली चिमी कुठंय रे?" मला उत्तर देता आलं नाही.

आता गणित बघू. अशा हँडीकॅमची लेन्स सर्वात रुंद असतानाही ३५ मिमी फिल्मच्या हिशोबात साधारण ४५ मिमी असते. फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद. म्हणजे तीन मीटरवर दिसणार ३ × ३६ ÷ ४५ = २.४ मीटर. ०.७x वाइड लावली की सुमारे ३.४ मीटर, ०.५x लावली की ४.८ मीटर. मला हवी होती वाइड!

या लेन्स काम कशा करतात? टेली म्हणजे गॅलिलिओची दुर्बीण: पुढे बहिर्वक्र भिंग, मागे अंतर्वक्र. तीच उलटी धरली की वाइड. ही पुढून लागत असल्याने एफ-नंबर जवळजवळ तोच राहतो. एसएलआरच्या मागे लागणाऱ्या २x कन्व्हर्टरसारखे दोन स्टॉप जात नाहीत.

घेताना एवढं तपासा:

१) आट्यांचा व्यास. छोट्या हँडीकॅमवर तो बरेचदा ३० किंवा ३७ मिमी असतो. लेन्स मोठ्या व्यासाची असेल तर रिंग लावून चालते. लहान लेन्स मोठ्यावर चढवली तर कोपरे काळे होतात.

२) दुकानातच दाराच्या चौकटीवर कॅमेरा धरा. ०.५x मध्ये कडेच्या सरळ रेषा किती वाकतात ते दिसेल. माणसांसाठी मला ०.७x बरी वाटते.

३) वाइड लावून पूर्ण झूम करा. काही लेन्समध्ये तेव्हा फोकस जातो.

४) टेली झूमच्या लांब टोकालाच वापरायची. हात हलणं दुप्पट दिसतं आणि कॅमेऱ्यातलं स्टेडी करणारं यंत्र मूळ लेन्सच्या हिशोबाने, म्हणजे निम्मीच दुरुस्ती करतं. ट्रायपॉड हवाच.

मग टेली निरुपयोगी का? मुळीच नाही. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो किंवा गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतून रंगमंच (परवानगी घेऊन!) टिपायचा, तर तीच हवी. मोबाईलला चिमट्याने लावायच्या लेन्सलाही हाच नियम. लेन्स अंतर बघून निवडायची, आकार बघून नाही.

असो. पुढच्या पाडव्याला मित्राची ०.७x वाइड मागून आणली आणि एका दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. अख्खी रांग चौकटीत आली. आजोबा तोवर काठी घेऊन चालायला लागले होते, पण गर्दीत नको म्हणून घरीच. कॅसेट लावली. मी काही सांगायच्या आत त्यांनी काठी टीव्हीकडे रोखली. "ती बघ, डावीकडून दुसरी. हात चुकला तिचा!"

ती कॅसेट मी अजून जपून ठेवली आहे.