संच पुरा झाला, वाचन राहिले

एखाद्या मालिकेतील एकही वस्तू उणी राहू नये, ही ओढ बहुतेकांच्या मनात असते. तिकिटे असोत वा नाणी, शंभर हाती असली तरी एक रिकामी जागा अधिक खुपते. आपल्या समाजात ही ओढ ग्रंथांकडे वळली, हे आपले भाग्य.

महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. संपादक वसंत मून यांनी या कार्यास आयुष्य वाहिले. पुढे खंड वीसच्या वर गेले; सतराव्या व अठराव्या खंडांचे प्रत्येकी तीन भाग झाले. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर या खंडांसाठी रांगा लागतात.

मीही अनेक वर्षे त्या रांगांत उभा राहिलो. संच पुरा झाला, तेव्हा लोणी भापकरच्या घरात काचेचे कपाट करून घेतले. एके दिवशी बारामतीस शिकणारा एक माजी विद्यार्थी आला. त्याचे आईवडील ऊसतोडणी करणारे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांसाठी काय केले, हे त्याला वाचायचे होते. त्यासाठी दहावा खंड हवा होता. ‘संच मोडेल’ असे म्हणून मी नकार दिला. तो पुन्हा आला नाही. त्या रात्री खंड उघडला, तर आतील पाने एकमेकांस चिकटलेली होती. मी स्वतःही तो वाचला नव्हता.

१९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी मालवाहू जहाजाने पाठविलेले ग्रंथ पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले. त्यांनी पुन्हा ग्रंथ जमविले, राजगृहात वसविले. पण ते वाचण्यासाठी, त्यांतून लढ्याची शस्त्रे घडविण्यासाठी. धम्मपदात दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा आहे. मोजणी त्याची, दूध मात्र धन्याचे. केवळ खंड मोजणारा त्याच गुराख्याचा सोबती होय.

आज माझ्या कपाटास कुलूप नाही. शेजारी एक वही आहे. तीत खंड नेणाऱ्याचे नाव व तारीख लिहिली जाते. दोन खंड सध्या बाहेर आहेत. त्या रिकाम्या जागा पाहून आता खंत वाटत नाही. तो विद्यार्थी हे वाचत असेल, तर दहावा खंड त्याच्यासाठी राखून ठेवला आहे.

पालकांनो, माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या घरी एकच खंड असला तरी आज त्याचे एक पान मुलांसह वाचावे. संच तेथूनच पुरा होऊ लागतो.