ओळखीचा असला तरी पडताळणी हवीच

प्रश्न : कबड्डी मंडळात मुलांना शिकवायला स्वयंसेवक हवेत. पोलिस पडताळणी मागितली तर गल्लीतली माणसं दुखावतील का?

उत्तर : एखादा दुखावेलही, तरी मागाच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनी क्रीडा अकादमींच्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पडताळणी बंधनकारक केली आहे. मग मानधन घेत नाही म्हणून स्वयंसेवकाला सूट कशाला? अध्यक्षांपासून सगळ्यांनीच दाखला दिला, की कुणा एकावर संशय घेतल्यासारखं होत नाही. दाखल्यात नोंदलेले गुन्हेच दिसतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच स्वयंसेवकाच्या आधीच्या मंडळात चौकशी करा आणि सुरुवातीला त्याला जुन्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ठेवा. पकड शिकवताना अंगाला हात लागतोच; ती मैदानात, सर्वांदेखत शिकवावी. लैंगिक गैरवर्तनाची तक्रार आली, तर मंडळाच्या नावासाठी आपसात मिटवू नका; पॉक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे.