मुलांचे दांत आणि विंधनविहिरीचें पाणी

बैल विकत घेतांना त्याचें तोंड उघडून दांत पाहावयाचे, ही आपली चाल फार जुनी आहे. दांतांवरून वय कळतें व वयावरून किंमत ठरते. परंतु जो गृहस्थ बाजारांत परक्याच्या बैलाचे दांत इतक्या बारकाईनें पाहतो, तो घरांतील आठ-दहा वर्षांच्या मुलाचे दांत कधीं पाहतो काय? पाहिलेच आणि ते पिवळट दिसले, तर "नीट घांसत नाहींस" म्हणून त्यास दटावून तो मोकळा होतो. पुष्कळ गांवीं हा दोष मुलाचा नसून पाण्याचा असतो. तो कसा ओळखावा, त्यापासून पुढें काय उद्भवतें आणि गांवानें काय करावें, याविषयीं वैद्यक, दंतशास्त्र आणि जलशोधन या तिन्ही शाखांत जें ज्ञान जमा झालें आहे, त्यांतील शेतकऱ्याच्या उपयोगाचा भाग आम्ही येथें देत आहों.

प्रथम खूण सांगतों. दुधाचे दांत पडून कायमचे आले म्हणजे समोरचे वरचे दांत उजेडांत पाहावे. निरोगी दांताचें कवच गुळगुळीत व चकचकीत असतें. दोष असल्यास त्यावर खडूनें ओढल्यासारखे पांढरे, निस्तेज, आडवे पट्टे दिसतात. डाव्या दांतावर जसा पट्टा, तसाच उजवीकडच्या त्याच्या जोडीदारावर असतो, ही मुख्य ओळख. कीड अशी जोडीनें लागत नाहीं. ती एखाद्या दाढेच्या खांचेंत घर करते. हिरडीलगत सांचणारें कीटण खरवडलें म्हणजे निघतें. हे पट्टे राखुंडीनें किंवा कोणत्याही दंतमंजनानें जात नाहींत, कारण ते दांतावर बसलेले नसून दांतांतच असतात. दोष तीव्र असला तर पट्ट्यांचा रंग पुढें पिवळा, मग तपकिरी होतो, कवचास बारीक खळगे पडतात व कडा झडतात.

दांताचें कवच जबड्याच्या आंत, दांत बाहेर येण्यापूर्वींच घडतें. समोरच्या कायमच्या दांतांचें कवच जन्मापासून सुमारें चौथ्या वर्षापर्यंत, आणि अक्कलदाढा सोडून बाकीच्या दाढांचें आठव्या वर्षापर्यंत पुरें होतें. या काळांत पाण्यांतून फ्लोराइड नांवाचा क्षार प्रमाणाबाहेर पोटांत गेला, तर कवच घट्ट न होतां त्यांत सूक्ष्म पोकळ्या राहतात. दांत बाहेर आल्यावर त्या पोकळ्यांत रंग मुरतो. म्हणून दहा वर्षांच्या मुलाच्या दांतावरील डाग हा सात-आठ वर्षांपूर्वीं प्यालेल्या पाण्याचा लेख होय. परगांवाहून आलेल्या सुनेचे दांत या पाण्यानें डागळत नाहींत. तिच्या मुलांचे डागळतात. यामुळेंच "आम्ही हेंच पाणी पितों, आम्हांस कांहीं झालें नाहीं" असें मोठीं माणसें म्हणतात, आणि खरी गोष्ट झांकली जाते.

हा दोष पाण्यापासून होतो हें प्रथम सिद्ध झालें तें अमेरिकेंत. फ्रेडरिक मॅके नांवाचा तरुण दंतवैद्य १९०१ सालीं कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें व्यवसायास गेला, तों त्यास तेथील लोकांचे दांत तपकिरी दिसले. कारण शोधण्यांत त्याचीं तीस वर्षें गेलीं. त्यांतील १९२३ सालची आयडाहो प्रांतांतील ओकली गांवची हकीकत आमच्या मतें प्रत्येक ग्रामपंचायतीनें ऐकावी अशी आहे. त्या गांवानें पांच मैलांवरील एका उष्ण झऱ्याचें पाणी नळानें आणलें होतें, आणि त्यानंतर लवकरच मुलांच्या दांतांवर डाग येऊं लागले, असें आईबापांनीं मॅकेस सांगितलें. त्यानें पाणी तपासलें. त्यांत वावगें कांहींच आढळलें नाहीं. तरीही तो नळ सोडून देऊन जवळच्या दुसऱ्या झऱ्याचें पाणी घ्या, असा सल्ला त्यानें दिला. गांवानें तो मानला, आणि थोड्याच वर्षांत लहान मुलांचे कायमचे दांत स्वच्छ येऊं लागले. पाण्यांतील अपराधी द्रव्य कोणतें, हें पुढें १९३१ सालीं चर्चिल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें दाखविलें. म्हणजे द्रव्याचें नांव कळण्याच्या कांहीं वर्षें आधींच एका गांवानें मुलांचे दांत पाहून पाणी बदललें होतें.

मॅके व त्याचे सहकारी यांस आणखी एक नवल दिसलें: हे डागाळलेले दांत किडत कमी. फ्लोराइड अल्प असल्यास दांताचें कवच आम्लास अधिक दाद देत नाहीं. यावरून १९४५ सालीं ग्रँड रॅपिड्स शहरीं नळाच्या पाण्यांत मुद्दाम थोडें फ्लोराइड घालण्यास आरंभ झाला, व तो प्रघात अनेक शहरांत पसरला. अलीकडे, १९२४ नव्हे, २०२४ सालीं, कॉक्रन या संस्थेनें घेतलेल्या आढाव्यांत असें निघालें कीं फ्लोराइडयुक्त दंतमंजनें सर्वत्र झाल्यापासून पाण्यांत तें घालण्याचा लाभ पूर्वींपेक्षां पुष्कळ कमी उरला आहे. हा वाद त्या देशांनीं खुशाल घालावा. आपली अडचण नेमकी उलट आहे. आपल्याकडे हें द्रव्य कोणी घालीत नाहीं, जमीनच तें देते, आणि तें काढावें कसें हा प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें १·५ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. भारतीय मानक १ मिलिग्रॅम इष्ट मानतें, आणि दुसरा उपाय नसेल तेथें १·५ पर्यंत चालवून घेतें. हा फरक अगदीं योग्य आहे, कारण आपल्या हवेंत माणूस पाणी अधिक पितो. वैशाखांत नांगरटीवर असणाऱ्या गड्यानें सहा लिटर पाणी पिणें नवलाचें नाहीं. त्या पाण्यांत लिटरमागें ३ मिलिग्रॅम असेल तर दिवसाचे १८ मिलिग्रॅम झाले. आणि अमेरिकेंतील आहारशास्त्रज्ञांनीं प्रौढ माणसास दिवसाची कमाल मर्यादा १० मिलिग्रॅमच धरली आहे.

असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे फ्लोराइड हाडांत सांठतें. हाड वरून जाड होतें, सांध्यांचीं बंधनें चुन्यासारखीं कठीण होतात. आरंभीं मान, पाठ व गुडघे सकाळीं आंखडतात; पुढें माणसास वांकतां येत नाहीं, आणि अखेरीस कण्यांतील मज्जारज्जूवर दाब येऊन तो अंथरुणास खिळतो. गांवांतल्या गांवांत करण्याजोगी सोपी परीक्षा अशी: गुडघे न वांकवितां पायाच्या अंगठ्यास हात लावावा, हनुवटी छातीस टेकवावी, दोन्ही हात डोक्यामागें न्यावे. या क्रिया न होणारा प्रत्येक मनुष्य याच रोगाचा असें नव्हे; वयानें व संधिवातानेंही सांधे आंखडतात. परंतु ज्या आळींत मुलांचे दांत पट्टेदार आणि चाळिशींतले पुष्कळ लोक वांकण्यास असमर्थ, तेथें डॉक्टरकडून हाताच्या पुढच्या भागाचें क्षकिरण-चित्र काढवून घ्यावें. तेथील दोन हाडांमधील पडदा कठीण झालेला दिसला म्हणजे शंका मिटते.

आपल्या देशांत हा रोग १९३७ सालीं शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या वेळच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांतून नोंदविला. तेथील शेतकऱ्यांस तो त्याआधींच बैलांत दिसला होता, असें सांगतात: बैल आंखडून चालत व कामास उभे राहत नसत. हें आम्हांस सहज पटतें. बैलाच्या चालीकडे शेतकऱ्याचें जेवढें लक्ष असतें, तेवढें स्वतःच्या कंबरेकडे नसतें. १९७३ सालीं नलगोंडा जिल्ह्यांत मुलांचे गुडघे आंत वळून एकमेकांस घांसणारा विकार हैद्राबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनीं उजेडांत आणला. त्याच संस्थेंत असेंही आढळलें कीं भात खाणाऱ्यापेक्षां ज्वारी खाणाऱ्याच्या शरीरांत फ्लोराइड अधिक राहतें. यावरून कोणीं भाकरी सोडूं नये. सोडावयाचें तें पाणी. अगदीं अलीकडे, २०२४ सालीं, अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानें पूर्वींचीं अनेक निरीक्षणें तपासून, लिटरमागें १·५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड पिणाऱ्या मुलांत बुद्ध्यंक कमी असण्याचा संबंध दिसतो, असा निष्कर्ष मध्यम खात्रीनें दिला. येथें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु शाळेच्या आवारांतील हातपंपाकडे प्रथम लक्ष द्यावें, एवढें त्यावरून निश्चित होतें.

जनावरांविषयीं एक सूचना येथेंच करतों. पुढचे दांत डागाळलेले व वेडेवांकडे झिजलेले, पायांच्या हाडांवर टणक गांठी, आणि खुरांत कांहीं न सांपडतां लंगडणें, हीं लक्षणें एकत्र दिसलीं तर पाणी तपासावें. क्षारमिश्रण स्वस्त पडावें म्हणून खतासाठीं मिळणारें रॉक फॉस्फेट किंवा सुपरफॉस्फेट कोणीं गुरांस चारूं नये. रॉक फॉस्फेटांत शेंकडा ३ ते ४ भाग फ्लोरीन असतें. पशुखाद्याकरितां म्हणून तयार केलेलें, फ्लोरीन काढलेलें डायकॅल्शियम फॉस्फेटच वापरावें.

आतां हें द्रव्य येतें कोठून? फ्लोराइट, ॲपेटाइट आणि अभ्रक हीं खनिजें ज्या खडकांत असतात, त्यांतून झिरपतांना पाणी तें घेतें. ग्रॅनाइट व नाइस जातीच्या खडकांत तीं पुष्कळ असतात. आपल्या काळ्या पाषाणांत मानानें कमी. तथापि यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस, तसेंच चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या कांहीं भागांत हें पाणी आढळलें आहे, तेव्हां महाराष्ट्रानें निश्चिंत राहूं नये. पाण्यांत चुना भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशीं मिळून खालीं बसतें. परंतु खोल भेगांत दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यांतला चुना जाऊन त्याच्या जागीं सोडियम येतो, आणि असें मऊ पाणी फ्लोराइड खुशाल बाळगतें. मौज अशी कीं साबणास फेंस देणारें व डाळ लवकर शिजविणारें म्हणून ज्या खोल बोअरच्या पाण्याची गांवांत वाखाणणी होते, तेंच कित्येकदां सदोष निघतें, आणि शेजारची उथळ, जड पाण्याची जुनी विहीर निर्दोष ठरते. रंग, वास, चव यांवरून फ्लोराइड ओळखत नाहीं. उकळल्यानें तें जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें.

म्हणून पहिला उपाय पाणी बदलण्याचा. तपासून निर्दोष ठरलेली उथळ विहीर उपसून, तिचा कठडा बांधून, जंतुनाशक घालून ती पिण्यास व स्वयंपाकास राखून ठेवावी. छपरावरचें पावसाचें पाणी टांकींत सांठविलें तर त्यांत फ्लोराइड नाममात्र असतें. बोअरचें पाणी धुण्यास व आंघोळीस चालतें. सर्व पाणी शुद्ध करण्याचा खर्च कोणी करूं नये.

दुसरा स्रोतच नसेल तेथें शोधन करावें लागतें. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, म्हणजे नीरीनें, १९७० नंतरच्या दशकांत बसविलेली नलगोंडा पद्धति सर्वांत परिचित आहे. पाण्यांत चुना, तुरटी व विरंजक चूर्ण घालून ढवळावें. गोळे होऊन गाळ बसतो व त्याबरोबर फ्लोराइड खालीं जातें. वरचें पाणी तोटीनें काढून घ्यावें. चुना तुरटीच्या सुमारें विसाव्या हिश्श्यानें लागतो, परंतु तुरटी किती हें पाण्यांतील फ्लोराइड व क्षारता पाहूनच ठरतें. अंदाजानें मूठभर टाकणें हानिकारक आहे, कारण पाण्यांत ॲल्युमिनियम उरतें, आणि त्यासही लिटरमागें ०·२ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. गाळ विहिरीजवळ ओतूं नये.

ॲल्युमिनाच्या खड्यांतून पाणी गाळण्याची रीत अधिक सोयीची, मात्र खडे कांहीं काळानें भरतात व आम्ल-अल्कलीनें धुवून पुन्हां जागे करावे लागतात. आमच्या मतें पुष्कळ यंत्रें येथेंच बंद पडतात: यंत्र बसविण्याचा समारंभ होतो, खडे धुण्याचा होत नाहीं. नीरीच्या संशोधकांनीं कोळंबीच्या टरफलांतून मिळणाऱ्या कायटोसान या पदार्थास लँथॅनम नांवाची धातु जोडून नवा शोषक केला व त्याचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध केला. द्रव्यें नवनवीं निघतील. परंतु गाळणी कोणाच्या हातीं आहे व ती कधीं धुतली हें पाटीवर लिहिलेलें नसेल, तर उत्तम द्रव्यही निरुपयोगी होय.

आहारानेंही मदत होते. दूध, नाचणी, हिरवा भाजीपाला व आंवळा मुलांस द्यावा. पोटांत चुना असला तर फ्लोराइड कमी शोषलें जातें. चिंच खाल्ल्यानें तें मूत्रावाटे अधिक निघतें, असें राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनीं शाळकरी मुलांवर पाहून २००२ सालीं प्रसिद्ध केलें. लहान मुलांस कडक चहा देऊं नये, कारण चहाच्या पानांत फ्लोराइड सांठलेलें असतें. डागाळलेल्या दांतांस मात्र आहार किंवा औषध लागू नाहीं. सौम्य डाग असल्यास दंतवैद्य कवचाचा पातळ थर घांसून काढतात, किंवा जर्मनींत निघालेल्या रीतीनें पोकळ्यांत पातळ राळ मुरवून पांढरा पट्टा बुजवितात. उपवर मुलींस या डागांपायीं जें सोसावें लागतें, तें पाहतां हा खर्च चैनीचा म्हणतां येत नाहीं.

पाणी तपासण्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलींत न्यावा, कांचेच्या नको. हातपंप कांहीं वेळ हापसून प्रथमचें पाणी जाऊं द्यावें, बाटली त्याच पाण्यानें दोन-तीनदां विसळून मग कांठोकांठ भरावी. चिठ्ठीवर गांव, बोअरची खोली, तारीख आणि तेथील पाणी किती घरें पितात हें लिहावें. एकदां उन्हाळ्याच्या अखेरीस व एकदां पावसाळा संपल्यावर, असे दोन नमुने द्यावे. आणि शाळेचा पंप असल्यास त्याची बाटली सर्वांच्या आधीं भरावी.