आजोबांच्या बंदुकीला बफ लावण्याआधी

आजोबांची बर्मिंगहॅमची बारा बोअरची दुनळी त्यांच्या पश्चात परवानाधारक दुकानात जमा होती. वारसाचा परवाना थोरल्या चुलतभावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या नावावर झाला आणि त्याने हौसेने ती एका कारागिराकडून नव्यासारखी करून आणली. काळ्याभोर नळ्या, लखलखता दस्ता. नळ्या उतरवून मी बुडाची सपाट बाजू पाहिली, तर तिथले प्रूफ हाऊसचे शिक्के जवळपास गेले होते. मुकुटाची कड तेवढी बोटाला लागत होती.

हे शिक्के म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिका. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस 1813च्या कायद्याने सुरू झालं. नळी किती दाबाला तपासली, जुन्या काळ्या दारूसाठी की नायट्रो पावडरसाठी, बंदूक साधारण कोणत्या काळातली, हे शिक्क्यांवरून कळतं. ते गेले की संग्राहकाचा विश्वास गेला आणि कोणतं काडतूस चालेल हे सांगणारी खूणही गेली. दादाकडे पुढे एक जाणकार आले. त्यांनी बंदूक उलटसुलट पाहिली, बफने बोथट झालेली नक्षी आणि स्क्रूंच्या रुंदावलेल्या खाचा दाखवल्या आणि नुसत्या वापरायच्या बंदुकीचा भाव सांगितला. मला तो भाव रास्त वाटला, दुःख झालं तरी.

दुनळीच्या बाबतीत याहून मोठा धोका आहे. दोन नळ्यांमधल्या पट्ट्या अनेकदा शिसं-कथलाच्या डागाने जोडलेल्या असतात. आजकालचं झटपट ब्लूइंग, म्हणजे नळ्यांना काळा रंग चढवणं, उकळत्या कॉस्टिक द्रावणात होतं. ते डाग खातं, फटीत अडकतं आणि आतून गंजवत राहतं. त्याऐवजी जुने कारागीर बारीक गंज धरवायचे, पाण्यात उकळायचे, ब्रशने झाडायचे आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. दमास्कस नळ्यांवर तर लोखंड-पोलादाच्या पिळाची नक्षी हेच खरं वैभव. बफ मारून काळा रंग चढवला की ती दिसेनाशी होते.

दस्त्याचंही तसंच. जवसाच्या तेलाने मुरलेल्या अक्रोडाच्या लाकडावर कागद घासून व्हार्निश चढवलं की लाकूड धातूच्या पातळीखाली बसतं आणि मुठीवरची चौकडी बुजते. जुनं नाणं चिंचेने घासून कोणी विकायला नेतं का?

तेव्हा घरात अशी बंदूक आली तर आधी शिक्के, क्रमांक आणि नक्षीचे स्वच्छ फोटो काढा. मूळ पेटी, बिल, जुनी परवाना-पुस्तिका फेकू नका. मऊ कापड आणि थोडं तेल एवढंच पुरे. वाढता गंज तेवढा थांबवावा. फुटलेला दस्ता सांधणं किंवा सैल पट्टी जोडणं वेगळं. ते जरूर करा, पण परवाना असलेल्या कारागिराकडूनच; 1959च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो. काय करणार हे कागदावर लिहून घ्या आणि काढलेले मूळ भाग परत मागा.

बंदूक आधीच कोणी बिघडवली असेल, किंवा ती सर्रास मिळणारी कारखान्याची असेल, तर चांगल्या हाताने केलेल्या नव्या रंगाने फारसं नुकसान होत नाही. हे ठरवायला मात्र दुकानदाराऐवजी जुन्या बंदुका पाहिलेला माणूस गाठा, आणि तोही बंदूक कारागिराकडे टाकण्याआधी.